पळणारा बांबू शेजारच्या सोसायटीत निघालाय. बेट ठेवता येईल का?

मुलुंडकरीण
९ जून, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. जरा लांबण लावते, सांभाळून घ्या.

मुलुंड पूर्वेला आमचं जुनं बैठं घर आहे, सासऱ्यांनी १९६८ साली बांधलेलं. आजूबाजूची अशीच सगळी घरं रीडेव्हलपमेंटला गेली, आम्ही तेवढे उरलो. घराच्या पश्चिमेला कंपाउंडपर्यंत बावीस फूट लांब आणि नऊ फूट रुंद असा मातीचा पट्टा आहे. तिथे पूर्वी सासूबाईंचं अळू असायचं, मोरीच्या पाण्यावर पोसलेलं. पलीकडे टॉवर उभा राहिला, आणि मी सकाळी मागच्या दारात केस विंचरायला उभी राहिले की सातव्या मजल्यावरून एक पोर "गुड मॉर्निंग आंटी" म्हणायला लागलं. पोर गोड आहे. पण मला तेव्हा गुड मॉर्निंग नको असतं.

म्हणून आडोसा. मुलाने जुलै २०२१मध्ये एका नर्सरीतून 'गोल्डन बांबू'ची दोन रोपं आणली. नर्सरीवाला म्हणाला, "मॅडम, तीन वर्षांत भिंत होते की नाही बघा." माणूस खोटं बोलला नाही, फक्त भिंत चालते हे सांगायचं विसरला. पहिलं वर्ष दोन्ही रोपं रुसल्यासारखी होती तशीच. दुसऱ्या पावसाळ्यात सात-आठ काठ्या आल्या. तिसऱ्यात मी मोजायचं सोडलं. यंदा चौथा.

आता खरं सांगते, मला ते बेट फार आवडतं. सर थांबली तरी दहा मिनिटं आतल्या आत पाऊस पडत राहतो. शिंपी पक्ष्याची जोडी आहे. आणि या दिवसांत पहाटे बघावं, रात्री पाऊस नसला तरी प्रत्येक नव्या कोंबाच्या टोकाला एक थेंब लोंबत असतो, नथीच्या मोत्याएवढा. ऊन आलं की गायब. बँकेत बत्तीस वर्षं काढल्यावर असल्या गोष्टी बघत बसायला वेळ मिळालाय.

गेल्या रविवारी टॉवरचे सेक्रेटरी मोबाइलमध्ये फोटो घेऊन आले. त्यांच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉकच्या फटीतून दोन कोंब वर आलेत. एक वॉचमनच्या खुर्चीसमोर, दुसरा कुणाच्या तरी स्कूटरच्या पोटाखाली. त्यांनी टेप लावून मोजलंय, कंपाउंडपासून अकरा फूट. तीन ब्लॉक उचलले गेलेत. माणूस सभ्य आहे, चहा घेऊन गेला, पण "याच महिन्यात कमिटीची मीटिंग आहे, मग लेखी द्यावं लागेल" असं जाता जाता म्हणाला. आमच्या बाजूला मोरीच्या चेंबरच्या झाकणापाशीही एक कोंब आलाय, तो मी कुणाला दाखवलेला नाही.

घरात आता दोन पक्ष. हे म्हणतात मुळापासून काढ. सासूबाई, वय एकोणनव्वद, पहिल्या दिवसापासून म्हणतायत की दारात बांबू नको, तिरडीला लागतो. मी म्हटलं, गुढीलाही तोच लागतो. त्यावर त्या बोलल्या नाहीत, पण पटलंही नाही.

विचारायचं हे की बेट ठेवून त्याला आवर घालता येतो का? जमिनीत पत्रा किंवा प्लास्टिक पुरतात म्हणे, त्याने थांबतो? आणि पलीकडे गेलाय त्याचं काय करू? एकाने खडेमीठ ओतायला सांगितलंय.

—

विक्रोळी८३
९ जून, रात्री १०.१५

ताई, काढून टाका. आमच्या काकांकडे असाच होता. मीठ नको, रॉकेल ओता. संपला विषय.

—

कुंडीतला_माळी
९ जून, रात्री ११.०५

रॉकेल ओतू नका. जमीन नासते, बांबू वाचतो.

ताई, आधी बांबू कुठला ते ठरवू. 'गोल्डन बांबू' या एकाच नावाखाली इथल्या नर्सऱ्यांत दोन अगदी वेगळी झाडं विकतात. एक बांबुसा व्हल्गॅरिसचा पिवळा प्रकार. मनगटाएवढा जाड, हळदीसारखा पिवळा, त्यावर कुणी ब्रशने ओढल्यासारखे हिरवे पट्टे. बऱ्याच बागांत आणि ऑफिसांच्या दारांत दिसतो तो हा. तो बेट धरून राहतो, अकरा फूट पळत नाही. दुसरा फायलोस्टॅकिस ऑरिया, मूळचा चीनचा. काठी अंगठ्याएवढी, कोवळेपणी हिरवी आणि उन्हाने पिवळी पडत जाणारी. हा पळतो.

ओळखायला सोपं आहे. फांद्या फुटतात त्या पेराच्या, म्हणजे गाठीच्या, लगेच वरच्या कांड्यावर बोट फिरवा. पन्हळीसारखी उथळ खोबण लागली आणि प्रत्येक पेरातून दोनच मुख्य फांद्या निघत असतील, एक जाड एक बारीक, तर फायलोस्टॅकिस. पेरापेरातून फांद्यांचा झुबका असेल आणि काठी सगळीकडून गोल लागत असेल तर बेटाचा बांबू. उद्या उजेडात बघून सांगा.

—

मुलुंडकरीण
१० जून, सकाळी ८.२०

बघितलं. खोबण आहे, फांद्या दोनच. शिवाय बऱ्याच काठ्यांची बुडाकडची पेरं एकमेकांना खेटून वाकडीतिकडी आलीत, माझ्या संधिवाताच्या बोटांसारखी. मला वाटलं होतं पाणी कमी पडलं.

—

कुंडीतला_माळी
१० जून, सकाळी ८.४५

मग ऑरियाच. ती खेटलेली पेरं ही त्याची खूणच आहे, हौशी लोक त्या वाकड्या बुंध्यासाठीच हा लावतात. बाकी आवर घालायचं काम मी केलेलं नाही, माझा सगळा संसार कुंड्यांत. दहिसरचे ओव्हरसियर काका वाचत असतील तर त्यांनी लिहावं.

—

दहिसरचा_ओव्हरसियर
१० जून, दुपारी ३.३०

वाचतोय. जेवून लिहायला बसलो.

मी एकतीस वर्षं बांधकामाच्या साइटवर काढली. चर खणणं, पाया भरणं यात आयुष्य गेलं, आणि तरी या बांबूने मला फसवलं. २००९ साली आमच्या गावठाणातल्या घरामागे हाच लावला, हौसेने. चौथ्या पावसाळ्यात शेजारच्या वहिनींच्या तुळशीवृंदावनातून कोंब बाहेर आला. तुळशीच्या शेजारी, सरळ, तिच्यापेक्षा उंच. वहिनी दोन दिवस त्याला हळदकुंकू वाहत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने ओळखला. आजही गणपतीत तो किस्सा निघतो आणि मी मोदक खाली बघून खातो.

तर ताई, ठेवता येतो. माझा आजही आहे. पण हा बांबू कसा चालतो ते आधी समजून घ्या, म्हणजे कोण काय सांगतंय त्यातलं धरायचं काय ते कळेल.

बांबू हे गवत आहे. गवती चहा तुम्ही लावलाच असेल. तो जागच्या जागी फुगत जातो, ठोंब मोठा होतो, पण कुंपण ओलांडत नाही. आपले कळक, मेस, सिंधुदुर्गातला माणगा हे सगळे त्या चालीचे. तुमचा आहे तो हराळीच्या चालीचा. जमिनीखाली आडवं खोड धावतं, त्याला रायझोम म्हणतात. त्याला इंच-दीड इंचावर पेर, प्रत्येक पेरावर एक डोळा, एक डावीकडे तर पुढचा उजवीकडे. बरेच डोळे झोपलेले असतात. जागा झालेला डोळा एकतर वर काठी होऊन येतो किंवा आडवा दुसरा फाटा काढतो. तुम्ही फक्त काठ्या बघता, झाड खरं म्हणजे खाली आहे. पलीकडच्या पार्किंगमधला कोंब म्हणजे तुमच्या झाडाचं बाळ नव्हे, तुमच्याच झाडाचं बोट आहे.

आता तुमच्या फायद्याची गोष्ट. हे खोड खोल जात नाही. बहुतेक वरच्या फूटभर मातीतच फिरतं. मऊ जागा मिळाली की तिथून जातं, म्हणून पेव्हर ब्लॉकखालची रेती त्याला एक्स्प्रेस वेसारखी. तुमच्या जुन्या कंपाउंडचा पाया काळ्या दगडाचा असणार, दगडांमधला माल इतक्या वर्षांत ढिला झालेला. तिथूनच निघालंय ते.

जमिनीत पुरायच्या कागदाबद्दल. लोक निळी ताडपत्री पुरतात, ती विसरा. मी पहिल्यांदा शेततळ्याला अंथरतात तो कागद आणला, ५०० मायक्रॉनचा. म्हणजे अर्धा मिलिमीटर. शेततळ्यात पाणी धरायला उत्तम, पण रायझोमचं टोक टाचणीसारखं कडक असतं. दुसऱ्या वर्षी उकरून बघितलं तर तीन ठिकाणी आरपार, गोधडीतून दाभण काढावा तसं. एचडीपीईची, म्हणजे टणक प्लास्टिकची, दीड मिलिमीटरची शीट लागते, टाक्यांना आणि तलावांना लायनिंग करणाऱ्यांकडे मिळते. दोन ते अडीच फूट खोल उभी लावायची. वरची कड मातीच्या वर दोन इंच राहिली पाहिजे, नाहीतर वरून उडी मारतो. शीट सरळ ओळंब्यात लावू नका. वरची बाजू बेटापासून बाहेर झुकलेली ठेवा, म्हणजे टोक आपटलं की वर वळतं, खाली जात नाही. दोन टोकं जिथे मिळतात तिथे नुसता लॅप देऊन, म्हणजे एकावर एक कड ठेवून, भागत नाही. मी दोन बाजूंनी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावून बोल्टने आवळलं. सिमेंटच्या रिंगाही नकोत, सांध्यातून निघतो.

पण ताई, शीट पुरली आणि विसरलात तर सहा-सात वर्षांत पुन्हा इथेच प्रश्न विचारायला याल. शीट बांबूला थांबवत नाही, फक्त वर यायला लावते. वर आलेलं टोक कुणीतरी बघून कापायला हवं. म्हणून तुमच्या जागेत मी निम्मी बाजू उघडीच ठेवेन. नऊ फुटांतले मधले पाच फूट बेटाला. कंपाउंडच्या अंगाला शीट. घराच्या अंगाला एक फूट रुंद, सव्वा फूट खोल चर, त्यात जाडी रेती किंवा बेटाचाच पाला भरलेला. वर्षातून दोनदा, एकदा श्रावणात आणि एकदा दिवाळीच्या आसपास, त्या चरात हात घालायचा. रेतीत पांढरी दोरी लागली की सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, कट. अर्ध्या तासाचं काम, पण टाळलं की अंगाशी येतं. चराला उतार देऊन गटाराकडे वाट काढा, नाहीतर जुलैत तिथे बेडूक राहायला येतील.

शीटचं काम आता करू नका. भर पावसात अडीच फूट चर उभा राहत नाही, कडा ढासळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात माती ओलसर असते आणि बसलेली असते, तेव्हा खणा. सध्या एवढंच करा. नको तिथला कोंब दिसला की हातभर व्हायच्या आत पायाने मोडा. मटकन मोडतो, भेंडीसारखा. मोडलेला कोंब पुन्हा वाढत नाही.

शेजाऱ्यांचं काम मात्र या आठवड्यात करा. मीटिंगची वाट बघू नका. पत्र यायच्या आधी आपण जायचं, हातात पहार आणि बरोबर माणूस घेऊन. कोंबापासून कंपाउंडपर्यंतचे ब्लॉक उचलायचे, खाली रेतीत खोड सापडेल. कंपाउंडपाशी कापायचं आणि पुढचं अख्खं दोरीसारखं ओढून काढायचं. जिथे तुटेल तिथे पुन्हा उकरायचं. राहिलेल्या तुकड्यातून वर्ष-दोन वर्षं बारीक बारीक कोंब येतील, ते मोडत राहायचे. पानं मिळाली नाहीत की साठवण संपते आणि तुकडा मरतो. ब्लॉक परत बसवायचा खर्च तुमचा, हे आधीच बोलून टाका.

मीठ, रॉकेल, ॲसिड काही नाही. तणनाशकही नको. पलीकडचं आणि अलीकडचं एकच झाड आहे, तिथे मारलेलं औषध आतल्या बेटात उतरू शकतं. शिवाय ग्लायफोसेट या तणनाशकावर केंद्राने २०२२मध्ये बंधनं घातली आहेत, ते आता आपण घरी फवारायचं औषध राहिलेलं नाही.

एक राहिलं. जुन्या काठ्या कापता का? कशा कापता?

—

मुलुंडकरीण
१० जून, संध्याकाळी ६.१०

काका, दोनदा वाचलं आणि यांनाही वाचून दाखवलं. तुळशीवृंदावनापाशी हे इतके हसले की सासूबाई बाहेर आल्या.

काठ्या कापते, पाडव्याच्या आधी. आळीत सात घरी गुढीची काठी आमच्याकडून जाते. गुडघ्याएवढा बुंधा सोडून कापते, वाकवत नाही हो आता खाली.

—

दहिसरचा_ओव्हरसियर
१० जून, संध्याकाळी ६.४०

तेच विचारायचं होतं. गुडघ्याएवढा बुंधा सोडू नका. बांबू पोकळ असतो, दोन पेरांच्या मध्ये कापला की वर पेला तयार होतो. पावसात प्रत्येक पेल्यात पाणी, आणि डेंग्यूच्या डासाला तेवढं पुरतं. महापालिकेची मलेरियावाली मंडळी पावसाळ्यात घरोघरी टॉर्च मारत फिरतात, माझ्याकडे त्यांनी असे अकरा पेले मोजून दाखवले होते. कापायचं ते पेराच्या अगदी वर, पेराच्या पडद्याला चिकटून. तिथे पाणी साचायला जागाच नाही. आता जे बुंधे उभे आहेत त्यांच्यात आज रात्रीच रेती भरा.

कुठली काठी कापायची तेही सांगतो. नवी काठी कधी कापू नये. बांबूची काठी कोंबातून वर येते तेव्हाच तिची आयुष्यभराची जाडी ठरलेली असते, उंचीही दोनेक महिन्यांत पूर्ण होते, नंतर ती फक्त पक्की होते. तीन वर्षांच्या पुढची, रंग उडालेली, अंगावर डाग पडलेली, ती काढा. आमच्या गावी अवसेच्या पंधरवड्यात तोडतात, भुंगा लागत नाही म्हणतात. मी तसंच करतो, वडील करायचे म्हणून. थंडीत तोडलेली मात्र खरंच टिकते, हे स्वतः बघितलंय. गुढीच्या काठ्या जानेवारीत तोडून पडवीत उभ्या ठेवा, पाडव्याला हलक्या होतात.

आणि सातव्या मजल्यासाठी. काठ्या वाकून पार्किंगवर झुकत असतील तर दहा फुटांवर, पेराच्या वर, शेंडा छाटा. ती काठी पुन्हा उंच होत नाही, खालच्या फांद्यांना पानं दाट येतात. आडोसा उलट चांगला होतो.

—

तेराव्या_मजल्यावरून
१० जून, रात्री ९.३०

मी टॉवरवाल्यांच्या बाजूची. आमच्या खिडकीतूनही असंच एक जुनं घर दिसतं, त्यांच्या नारळांवरून आम्हाला वारा कळतो. काकू, सेक्रेटरी काहीही म्हणोत, वरच्यांना तुमचं बेट हवं असणार.

माझा अनुभव पोडियमवरचा, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवरच्या बागेतला. आम्ही निळे दोनशे लिटरचे ड्रम आडवे कापून त्यांत बांबू लावलेत. पळणारा नाही, बांबुसा मल्टिप्लेक्स, बारीक पानांचा. कुंपणासाठी फार छान. ज्यांना रोज बघायला वेळ नाही त्यांनी तोच लावावा असं मी म्हणेन. पळणारा लावायचाच असेल तर ड्रम मातीवर ठेवू नका, विटांवर ठेवा. एका सभासदाने थेट बागेतल्या मातीवर ठेवला, खालच्या भोकातून बाहेर पडला आणि ड्रम हलवायला गेलो तर हलेना.

ड्रममधल्याला तिसऱ्या वर्षी बाहेर काढून अर्धा करावा लागतो. नाहीतर पाणी घातलं तरी वाळतो, कारण आत माती उरलेलीच नसते.

—

मुलुंडकरीण
२३ जून, रात्री ८.००

झालं ते सांगते.

काकांनी सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशीच सेक्रेटरींकडे गेले. म्हटलं, खर्च माझा, माणूस माझा, रविवारी सकाळी दोन तास पार्किंग मोकळं करून द्या. त्यांची बहुधा भांडणाची तयारी होती, त्यामुळे जरा निराश झाल्यासारखे वाटले.

आमच्याकडे येणारा माळी पहार घेऊन आला. चार ओळी ब्लॉक उचलले. खाली रेतीत ते होतं, अगदी काकांनी सांगितलं तसं, चार बोटं खोल. मी खाली बसून बघितलं, गुडघ्यांचं नंतर बघू म्हटलं. रंग जुन्या हस्तिदंती बांगडीचा. प्रत्येक पेराभोवती मुळांची झालर, आणि एकाआड एक डोळे, डावा, उजवा, डावा, कुणी हिशोबाने बसवल्यासारखे. टोक कवचांत गुंडाळलेलं, केवड्याच्या कळीसारखं निमुळतं, आणि इतकं टणक की नख रुतलं नाही. माळ्याने ओढायला सुरुवात केली तशी रेती उसवत गेली, सरळ वॉचमनच्या केबिनकडे. वॉचमन खुर्ची घेऊन बाजूला झाला. चौदा फूट निघालं एका तुकड्यात. त्याला दोन फाटे होते, ते वेगळे काढले. सातव्या मजल्यावरचं पोर खाली आलं होतं, त्याने टेप धरली. त्याचं नाव मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

मीटिंगमध्ये पत्राचा विषय निघाला नाही असं कळलं. मात्र "दर पावसाळ्यात आंटींचा माळी येऊन बघेल" असं मिनिट्समध्ये घालून टाकलंय. घातलं तर घातलं.

बुंध्यांत रेती भरली, सतरा निघाले. मोरीच्या चेंबरपाशीही उकरलं. पाइप फुटलेला नव्हता, झाकणाच्या कडेचं सिमेंट सुटलं होतं तिथून डोकावत होता. सिमेंट करून घेतलं. शीटचं काम ऑक्टोबरला. अठरा बाय पाच धरलं आणि तिन्ही बाजू घ्यायचं ठरवलं, घराची बाजू चराची. म्हणजे अठ्ठावीस फूट शीट, लॅपला वर दोन. बरोबर ना?

ह्यांनी मध्येच एक नवीन काढलंय. बांबूला फूल आलं की उंदीर होतात आणि दुष्काळ पडतो असं कुठेतरी वाचलंय. सासूबाईंना बळ मिळालं.

आणि खरी अडचण ही की ते चौदा फूट आणि बाकीचे तुकडे पोत्यात भरून अंगणात ठेवलेत. घंटागाडीवाला न्यायला तयार नाही. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू का?

—

कुंडीतला_माळी
२३ जून, रात्री ८.३५

ती उंदरांची गोष्ट खरी आहे, पण मिझोरामची. तिथल्या डोंगरांवर मौलोकाना जातीचा मुळी बांबू मैलोन्‌मैल आहे आणि तो साधारण अठ्ठेचाळीस वर्षांनी सगळा एकदम फुलतो. त्याला ते मौताम म्हणतात. फळं भरपूर येतात, उंदीर माजतात आणि मग शेतातलं भात खातात. १९५९च्या सुमाराला तिथे खरोखर दुष्काळ पडला, पुढचा फुलोरा २००६-०७च्या सुमारास आला. अख्खा डोंगर फुलला तर. अठरा बाय पाचला उंदरांचं पोट भरत नाही, सासूबाईंना सांगा.

(दुरुस्ती: वर मौलोकाना लिहिलं गेलंय, मेलोकाना वाचा. मोबाइलवर टाइप करतोय.)

—

दहिसरचा_ओव्हरसियर
२३ जून, रात्री ९.२०

हिशोब बरोबर. पण तीन बाजूंची शीट जिथे संपते ती दोन्ही टोकं चरापर्यंत आणून फूटभर पुढे काढा, कोपऱ्यातूनच वळसा घालतो. तेव्हा तीस नको, बत्तीस फूट घ्या.

कंपोस्टमध्ये अजिबात टाकू नका. एक-दोन पेरं असलेला तुकडाही ओल्या जागी जगू शकतो. मी एक वर्ष नाल्याकडेच्या ढिगावर टाकून आलो आणि गणपतीला तिथे हिरवी काठी उभी. पोत्यातही ठेवू नका, आत ओल धरते. या दिवसांत गच्चीवर वाळायचे नाहीत, तेव्हा हातहातभर तुकडे करून पडवीत दोरीवर टांगा, पावसाळ्यात कपडे वाळत घालतो तसे. महिन्याभराने एक तुकडा नखाने खरवडून बघा. आत पांढरं आणि ओलं लागलं तर जिवंत आहे, अजून टांगून ठेवा. तपकिरी आणि कोरडं लागून वाकवल्यावर काडकन मोडला की मग कुठेही टाका.

टोकाकडचा तो केवड्यासारखा भाग सगळ्यात चिवट असतो. तो वेगळा काढून आधी टांगा.